साहेबांच्या फोटोची गाडी

"मी त्याच्यात बसत नाही म्हणजे नाही!" मंदा ओरडली, आणि मी हबकून जागच्या जागी उभा राहिलो.

मंदा बाळंतपणाला आलेली. कळा चालू, रक्त थांबत नव्हतं. दवाखान्याच्या सिस्टर म्हणत होत्या, इथं निभणार नाही, आत्ताच्या आत्ता बुलढाण्याला हलवा. दारात आमच्या ट्रस्टनं दिलेली कोरी करकरीत ॲम्ब्युलन्स उभी. आणि ही बाई त्यात पाय ठेवायला तयार नाही! ग्रँटच्या कामात माझी उमर गेली, पण असलं काही बघितलं नव्हतं.

मी पुण्याच्या एका ख्रिस्ती कुटुंबाच्या ट्रस्टमध्ये नोकरी करतो. कुठं चर्चचं गळकं छप्पर, कुठं मिशनचा दवाखाना, कुठं पूर आला तर धान्य आणि चादरी, असल्या कामांना हे घर मदत करतं. घेणाऱ्याची जात-धर्म विचारत नाहीत. माझ्याकडे साइट व्हिजिट असतात. म्हणजे दिलेली वस्तू जागेवर आहे का, वापरात आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून यायचं. सोपं वाटतं ना? तसं नसतं.

धामणगाव बढेच्या पुढं एका खेड्यातल्या मिशन दवाखान्याला आम्ही ही गाडी दिली होती. त्यामागं कारण होतं. ट्रस्ट सुरू करणारे साहेब हार्ट अटॅकनं गेले, तेव्हा गाडी वेळेवर मिळाली नव्हती. म्हणून त्यांच्या नावानं ॲम्ब्युलन्स. त्यांच्या पत्नी, आमच्या मोठ्या बाई, आता ट्रस्ट सांभाळतात. या व्हिजिटला त्या हौसेनं माझ्याबरोबर आल्या होत्या.

आल्या आल्या मी गाडीचं मागचं दार उघडलं. स्ट्रेचरवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं! गाडी देऊन कित्येक महिने झाले होते. "सिस्टर, हे काय?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. सिस्टर काही बोलणार, तेवढ्यात मंदाला घेऊन ऑटो आला होता.

आता त्याच ऑटोतून बुलढाण्याला न्या म्हणून मंदाची सासू हटून बसली.

"अहो मावशी, ऑटोत तिला आडवं कसं करणार? पुढं राजूर घाट आहे. ही ॲम्ब्युलन्स कशाला आहे मग?"

"ॲम्ब्युलन्स? मढ्याची गाडी हाय ते!" सासू माझ्यावरच उखडली. "जित्या मानसाले त्याच्यात घालता काय? मंग त्या मेलेल्या मानसाचा फोटो काऊन लावला? हार हाय, जल्माची तारीख हाय, मेल्याची बी हाय. आमाले काय दिसत नाही काय?"

मी गाडीकडं बघितलं. आधीही बघितली होतीच की. पण आता दिसली. पांढरी गाडी, बाजूला साहेबांचा हा एवढा मोठा फोटो, खाली 'प्रभूमध्ये विसावले' आणि दोन तारखा. आमच्या ट्रस्टची पद्धतच तशी. दिलेल्या प्रत्येक वस्तूवर साहेबांचा फोटो हवा. पेंटरनं वर आपल्या मनानं झेंडूचा हार काढून दिलेला. चौकात श्रद्धांजलीचे बॅनर लागतात, हुबेहूब तसं!

"गाडी आली तेव्हापासून हेच चाललंय," सिस्टर हळूच म्हणाल्या. "पेशंट कोणी बसत नाही. मयत न्यायला मात्र मागायला येतात. आपले ड्रायव्हर गजूभाऊ दोनदा नेऊन आले, त्या प्लॅस्टिकवरच ठेवून."

"अहो, मग कळवलं का नाही?"

"तुमच्याच साहेबांचा फोटो. काढा म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं?"

गजूभाऊ मान खाली घालून उभा. मोठ्या बाई हे सगळं ऐकत होत्या. मला वाटलं, आता बाई रडतील किंवा भडकतील. मी काहीतरी सारवासारव करणार होतो, पण मंदा पुन्हा कळवळली. तिच्या खालची चादर लाल झाली होती.

बाई चालत नळापाशी गेल्या. खालचा काळा चिखल त्यांनी ओंजळीत भरला आणि थेट साहेबांच्या फोटोवर थापला. तोंडावर, हारावर, तारखांवर. पुन्हा गेल्या, पुन्हा आणला.

"बाई, अहो काय करताय!" मी किंचाळलोच.

"हे वेळेवर गाडी न मिळाल्यानं गेले," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. "यांच्या फोटोपायी आता ही पोरगी जाऊ देऊ? आण चिखल, बघतोस काय!"

मीही आणला. ज्या साहेबांनी मला नोकरीला लावलं, त्यांच्या चेहऱ्यावर मी चिखल फासला.

सासूनं गाडीकडं बघितलं, सुनेकडं बघितलं. "उचला बापा," ती म्हणाली. स्ट्रेचरचं प्लॅस्टिक सिस्टरांनी टराटरा फाडलं. गजूभाऊनं घाट कसा काढला ते त्यालाच माहीत.

बुलढाण्याच्या दवाखान्यात बऱ्याच वेळानं सासू बाहेर आली. "पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत." मग तिचं लक्ष बाईंच्या वाळलेल्या काळ्या हातांकडं गेलं. "ते फोटोतले तुमचे कोन व्हते?"

"माझे मिस्टर."

"अवं माय!" सासूनं तोंडावर हात घेतला. ती बाईंना नळापाशी घेऊन गेली आणि स्वतःच्या हातांनी तिनं त्यांचे हात धुतले. तेव्हा कुठं बाई रडल्या.

आता ट्रस्टच्या कुठल्याही वस्तूवर साहेबांचा फोटो नसतो, नावही नसतं. डिझाइन पास करताना मी स्वतःला एवढंच विचारतो, दुखण्यात असताना आपण यात बसू का? गेल्या व्हिजिटला त्या गाडीच्या स्ट्रेचरचं रेक्झिन पार फाटलेलं होतं. नवीन लागेल, सिस्टर जरा भीतभीतच म्हणाल्या. एवढ्या खुशीत मी कुठलीच मागणी आजवर मंजुरीला पाठवली नव्हती.