दोन सीटा, तीन बायका

इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकातून मी ती लाल गाडी पहिल्यांदा आत आणली तेव्हा आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी हॉर्न वाजवला. ती हातातला टॉवेल तसाच घेऊन खाली आली, गाडीभोवती एक फेरी मारली, आत डोकावली.

"मागची सीट कुठाय?"

"नाहीये. हिला दोनच सीटा असतात."

"म्हणजे लग्नाचा विचार सोडलास म्हणायचा."

"नवऱ्याला जागा आहे की शेजारी."

"आणि मला?"

आई टॉवेल झटकत वर निघून गेली.

दोन हजार साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. गंगापूर रोडवर माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि घरात आम्ही दोघीच. एका द्राक्ष बागायतदाराच्या मुलाचा खांदा मी बरा केला होता. तो शिकायला ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा त्याची ही गाडी मी घेतली. फायबरचं अंग, कापडी टप, आणि उंची इतकी कमी की सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याच्या चपला माझ्या डोळ्यांसमोर यायच्या. स्पीडब्रेकर आला की मी गाडी तिरपी घालायचे, तरी खालून खर्रर्र आवाज यायचाच. मला गाड्यांतलं फार कळत होतं अशातला भाग नाही. पण टप मागे टाकून संध्याकाळी धरणाच्या रस्त्याला लागलं की दिवसभर दुसऱ्यांची दुखणी दाबून आलेले हात मोकळे व्हायचे.

त्याच वर्षी माझ्या एका पेशंटबाई मुलाकडे अमेरिकेला कायमच्या गेल्या आणि जाताना त्यांची कुत्री माझ्याकडे सोडून गेल्या. पॉमेरियन, पण शुद्ध नसावी. रंग सायीसारखा, एक कान उभा, एक पडलेला. तिचं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं. आईने ते एकदा ऐकलं आणि परत कधी उच्चारलं नाही. ती तिला 'ध्यान' म्हणायची. "तुझं ते ध्यान दारात बसलंय, मला ओलांडता येत नाही."

आईचं माहेर पंचवटीतलं, यात्रेकरूंचे विधी सांगणाऱ्यांचं. आई तिथून इंदिरानगरात राहायला आली तरी तिचं सोवळं तिच्याबरोबर आलं होतं. कुत्र्याला शिवायचं नाही, शिवलं तर आंघोळ. ध्यानाला घरात ठेवायला तिने नाही म्हटलं नाही, कारण आपल्यानंतर मी एकटी पडेन याची तिला काळजी होती. पण स्वयंपाकघराचा उंबरा ही दोघींमधली हद्द ठरली. कुत्रीने ती आठवडाभरात शिकून घेतली. उंबऱ्याच्या अलीकडे पुढचे पाय बरोबर टेकवून ती बसायची आणि आईच्या पोळ्या बघत राहायची.

गाडीत मात्र तिचं राज्य होतं. शेजारच्या सीटवर मी एक जुनी सतरंजी घडी करून टाकली होती, आणि तिचा पट्टा सीटबेल्टला अडकवलेला असायचा. ती कधी बसून यायची नाही. मागचे पाय सतरंजीवर, पुढचे दोन दारावर, तोंड वाऱ्याकडे. कॉलेज रोडवर मुलं हसायची, रिक्षावाले वाकून बघायचे. एका ट्रॅफिक हवालदाराने एकदा मला बाजूला घेतलं. मला वाटलं, काहीतरी चुकलं. तो म्हणाला, "मॅडम, काही नाही, घरी मुलीला सांगतो रोज या कुत्रीचं. तिला आज दाखवायचीय. पाच मिनिटं थांबता का, ती शाळेतून येतेय."

आम्ही थांबलो. मुलगी आली, कुत्रीने तिचं तोंड चाटलं, हवालदाराने हात करून आम्हाला वाट करून दिली.

आई त्या गाडीत कधी बसली नाही. ज्या सीटवर कुत्री बसते त्या सीटवर ती कशी बसणार? देवळात जायचं असलं, डॉक्टरकडे जायचं असलं की ती रिक्षा बोलवायची. कधीकधी आम्ही एकाच ठिकाणी निघायचो. पुढे आईची रिक्षा आणि मागे आम्ही दोघी गाडीतून. आई रिक्षाच्या मागच्या फटीतून वळून बघायची, मी नीट चालवतेय ना हे पाहायला. कुत्री तिला ओळखून भुंकायची. हे असं दोनेक वर्षं चाललं आणि कुणालाच त्यात काही विचित्र वाटेनासं झालं.

मग एका दिवाळीनंतर लासलगावहून फोन आला. माझी मावशी तिथे एकटी राहायची. ती आईची थोरली बहीण, आई तिला अक्का म्हणायची. शेजारीण सांगत होती की मावशी सकाळी मोरीत घसरली, उठता येत नाहीये, तिथल्याच एका दवाखान्यात नेलंय. आईने फोन ठेवला आणि लगेच पिशवी भरायला घेतली.

मी ओळखीच्या दोन टॅक्सीवाल्यांना फोन केले. एक गावी गेला होता, दुसऱ्याची गाडी शिर्डीला गेलेली. एस.टी.ला त्या दिवसांत उभं राहायलाही जागा नसायची, आणि आईचे गुडघे उभं राहण्यातले नव्हते.

"माझ्या गाडीतून जाऊ," मी म्हणाले.

आईने पिशवीची चेन लावली. "आणि ते ध्यान?"

तोच प्रश्न होता. फटाक्यांना कुत्री इतकी घाबरायची की लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी फक्त खाली पणत्या लावायला गेले, तेवढ्यात तिने दार खरवडून नखं रक्ताळून घेतली होती. अजून सोसायटीत मुलांचे फटाके संपले नव्हते. तिला कोंडून जाणं शक्य नव्हतं, आणि जिच्याकडे ठेवावं ती शेजारीण माहेरी गेली होती.

"तिला मांडीवर घ्यावं लागेल," मी म्हणाले. "नाहीतर मी तुला तिथे सोडते, परत येते..."

आई आत गेली आणि एक जुनं सुती नऊवारी लुगडं घेऊन आली, आजीचं असावं. गाडीत बसायला तिला बराच वेळ लागला. आधी पाठ, मग एक पाय, मग मी दुसरा पाय उचलून आत ठेवला. बसल्यावर तिने ते लुगडं चौपदरी करून मांडीवर पसरलं, दोन्ही हात खांद्याइतके वर धरले आणि म्हणाली, "ठेव."

मी कुत्रीला लुगड्यावर ठेवलं. दोघीही समोर बघत होत्या. दोघीही ताठ.

"आल्यावर हे धुवायला टाकायचं. आणि मला आंघोळीला पाणी लागेल."

टपाची कडी त्या दिवाळीतच तुटली होती, त्यामुळे टप उघडाच. नांदूर नाका गेला, चांदोरी आली. आईचे हात अजून हवेतच. मधूनमधून ती ते दारावर टेकवायची आणि कुत्रीने मान हलवली की परत वर. वाऱ्याने पदर उडत होता, तो धरायलाही तिला हात खाली आणायचा नव्हता. मी एकदा म्हटलं, "आई, हात दुखतील."

"माझे हात आहेत. तू रस्त्याकडे बघ."

निफाडच्या पुढे ती एकदाच बोलली. "अक्काने लहानपणी मला पोहायला शिकवलं होतं, गंगेवर. पोटाला लुगडं बांधून, ते धरून ती काठावर उभी." पंचवटीतल्या नदीला ती गंगाच म्हणायची. रस्ताभर ती अक्काचाच विचार करत असणार.

विंचूरला वळलो आणि लासलगावच्या तोंडाशी आलो तर पुढे ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. दिवाळीत बंद असलेला कांद्याचा बाजार त्याच दिवशी उघडत होता आणि मुहूर्ताच्या लिलावाला सगळा तालुका लोटला होता. आमच्या पुढे कांद्याने भरलेली ट्रॉली, मागे ट्रॉली, दोन्ही बाजूंना ट्रॉल्या. आम्ही त्यांच्या चाकांच्या उंचीला. वारा आला की कांद्याची टरफलं उडून आमच्यावर पडत होती, आईच्या केसांत, कुत्रीच्या अंगावर, माझ्या मांडीवर. शेजारच्या ट्रॅक्टरवरच्या माणसाने खाली बघितलं.

"आज्जे, लय खाली बसल्या तुम्ही! दिसत बी नाय वरून."

"जरा जाऊ द्या हो," आई वर बघून म्हणाली. "बहीण दवाखान्यात आहे माझी."

"आसं हाय का?" तो उभा राहिला आणि पुढच्याला ओरडला, "ए, ट्रॅक्टर दाब जरा बाजूला! आजीला दवाखान्यात जायचंय!" ओरड पुढे पुढे सरकत गेली. रांग हलायला लागली, आमच्यापुरती वाट होऊ लागली.

आणि नेमकी तेव्हाच बाजाराच्या फाटकात मुहूर्ताची फटाक्यांची माळ लागली. व्यापाऱ्यांची माळ, चांगली लांबलचक. पहिल्या आवाजाला कुत्री आईच्या पोटाशी घुसली, दुसऱ्याला तिने उडी मारली. पट्टा आवळतो म्हणून मी तो विंचूरला सोडला होता. पांढरं काहीतरी ट्रॉलीखाली गेलेलं मला दिसलं, एवढंच.

मी दार उघडेपर्यंत आई बाहेर होती. जिला आत बसवायला मला पाय उचलून ठेवावा लागला होता ती आई, कशी उठली मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही हात वर करून ती ट्रॅक्टरच्या पुढ्यात उभी राहिली. "थांबा! कुणी चाक हलवू नका! खाली आमची पोर आहे!"

पोर म्हटल्यावर सगळे थांबले. धडाधड इंजिनं बंद झाली. दोन माणसं खाली उतरून धावत आली आणि वाकून बघायला लागली. एकजण म्हणाला, "आवो, ही तर कुत्री हाय!"

"मग?" आई म्हणाली. "आहेच."

कुत्री दोन चाकांच्या मध्ये अंग चोरून बसली होती. मी हाका मारल्या, ती हलेना. माणसं काठी आणू का म्हणाली, आईने त्यांना गप्प केलं. ती तिथेच मातीत, टरफलांत खाली बसली, दिवाळीच्या नव्या साडीनिशी. पदर समोर पसरला. आणि तिने ते लांबलचक इंग्रजी नाव जसं जमेल तसं उच्चारलं. आधी मोठ्याने, मग हळू, मग नुसतंच, "ये गं. ये बाळा. झालं, संपला आवाज."

माळ संपली होती. कुत्री पोटावर सरकत सरकत बाहेर आली आणि पदरावर चढली. आईने तिला उचललं, छातीशी धरलं आणि दोन्ही तळव्यांनी तिचे कान झाकले.

"केवढी थरथरतेय बघ ही," ती मला म्हणाली. इतक्या दिवसांचं 'ते' तिने त्या क्षणी सोडलं. तिच्या लक्षातही आलं नसेल.

तिला उठवायला आम्ही तिघांनी हात दिला. ट्रॅक्टरवाला गाडीपर्यंत आला आणि दार लावताना म्हणाला, "आज्जे, भेलं व्हतं बिचारं. जपून न्या."

दवाखान्यात मावशी खाटेवर पडून होती. चेहरा वेदनेने उतरलेला. आई दारात उभी राहिली, केसांत कांद्याची टरफलं, साडीवर माती आणि पांढरे केस, कडेवर कुत्री. मावशी बघतच राहिली.

"तू?" ती म्हणाली. "कुत्रं घेऊन?"

"तू पडलीस म्हणून आले ना घाईत," आई रागावून म्हणाली आणि रडायला लागली. मावशीला हसू आलं. हसली की खुब्यात कळ यायची, कळ आली की ओरडायची, आणि आईकडे बघून परत हसायची. नर्स धावत आली, कुत्री आत कशी आणली म्हणून ओरडली, पण मग तिलाही हसू आलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही मावशीला अँब्युलन्सने नाशिकला आणलं. ऑपरेशन झालं आणि मग ती आमच्याकडेच राहिली. व्यायाम मी करून घ्यायचे. वॉकर घेऊन ती हॉलमध्ये चालायची तेव्हा कुत्री तिच्या पुढे एकेक पाऊल टाकत उलटी चालायची, आणि मावशी थांबली की भुंकायची. "ही तुझ्यापेक्षा कडक आहे," मावशी मला म्हणायची. संक्रांतीपर्यंत ती काठीवर आली, आणि उन्हाळ्यात आपल्या घरी परत गेली. एकटी राहायची तिला सवय होती आणि तिला तेच हवं होतं.

आईचं सोवळं सुटलं असं मी म्हणणार नाही. फिरून आल्यावर आंघोळ ती करायचीच, स्वयंपाकघराची हद्दही तशीच राहिली. पण रिक्षा बंद झाली. आई सीटवर, कुत्री आईच्या मांडीवर, असं आम्ही त्र्यंबकला गेलो, सप्तशृंगीच्या पायथ्याशी गेलो, लासलगावला तर कितीदा. एकदा गंगापूर रोडवर एक ओळखीची बाई गाडीशी थांबून आईला म्हणाली, "अय्या, तुम्ही कुत्र्याला घेता?" आई म्हणाली, "गाडीत दोनच सीटा आहेत. काय करणार?"

पुढे त्या गाडीचे पार्ट मिळेनासे झाले. मी चार दारांची साधी गाडी घेतली. तोवर कुत्री म्हातारी झाली होती, डोळ्यांत पांढरं आलं होतं, तिला जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. दारावर पाय ठेवून उभं राहणं संपलं होतं. नाक काचेच्या फटीला लावून ती बसायची, आणि मधूनच अस्वस्थ होऊन मान वळवायची.

तेव्हा आईने एक सुरू केलं. ती कुत्रीला रस्ता सांगायची. "हा नाका आला बघ, इथे गर्दी असते. आता पूल येईल, थंड वाटेल तुला. डावीकडे ऊस आहे. हे कोथिंबिरीचं शेत, वास आला ना? टेम्पो गेला मोठा, घाबरू नकोस." पडलेला कान हलायचा. मी रेडिओ लावायचे नाही. फक्त गाडी हळू चालवायचे, म्हणजे आईचं सगळं सांगून होईल.