काश्यप गोत्र

भारतीताईंचं माहेरचं नाव रिबका पेझारकर. घर बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. वडील रेल्वेच्या नोकरीपायी नागपूरला आले ते इथलेच झाले. रिबकाने संजीवरावांशी लग्न केलं तेव्हा सासूने तांदळात नवं नाव लिहिलं, आणि धरमपेठेतल्या त्या घराला रिबका पुन्हा आठवली नाही. घर तसं पुरोगामी. ना देव्हारा, ना उपास. आम्ही काही मानत नाही, असं संजीवराव मोठ्या कौतुकाने सांगत आणि ताई मान डोलवत.

तिला रिबका म्हणणारा एकच उरला होता, थोरला भाऊ सॅमसन. रेल्वेतून रिटायर झालेला सडाफटिंग माणूस, वरच्या खोलीत राहायचा. शेवटच्या दुखण्यात त्याने बहिणीचा हात धरला.

‘‘मले जाळू नको वं रिबका. मातीतच ठेव, बाबाजवळ.’’

तिने शब्द दिला.

मे महिन्यात, भर दुपारी तो गेला. वडिलांना ख्रिश्चनांच्या दफनभूमीत कोपरा मिळाला होता, पण त्याला चाळीस वर्षं झाली. ताईंनी फोन केला, तर कमिटीवाले म्हणाले, जागा फक्त सभासदांना. मुंबईला आपल्या लोकांची दफनभूमी आहे, तिथे नेऊ, ताई म्हणाल्या. एवढ्या उन्हात? संजीवराव म्हणाले; आणि जाळलं काय, पुरलं काय, मेलेल्याला काय कळते? मुलगी काजल बापाच्याच बाजूने. ताईंनी अडून बसायला हवं होतं. नाही बसल्या. जन्मभर डोलवलेली मान ऐन वेळी ताठ कशी होणार?

तोवर शेजाऱ्यांनी बांबू आणलेसुद्धा. काहीच न मानणाऱ्या घरात तासाभरात तिरडी, मडकं आणि महाल भागातले भटजी हजर! कोणी बोलावलं, देव जाणे. भटजींनी मृताचं गोत्र विचारलं. सगळे ताईंकडे पाहू लागले. त्यांना लहानपणीच्या प्रार्थनेतलं ‘शेमा इस्राएल’ एवढंच आठवलं, आणि तेही तोंडातून फुटेना.

‘‘माहीत नसेल तर काश्यप म्हणतो,’’ भटजी म्हणाले. संजीवरावांनी हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी रामटेकच्या तलावात राख शिरवून परतताना ताई गाडीत काजलला म्हणाल्या, ‘‘मी मेली का मले जाळू नका वं.’’

‘‘पाहू ना आई, तेव्हाचं तेव्हा,’’ काजल म्हणाली.

तिने शब्द दिला नाही. ताईंनीही मागितला नाही. दिलेल्या शब्दाचं काय होतं, ते त्या नुकत्याच पाहून आल्या होत्या.