पट्टीवालीने मागितलेली माफी

तिला सगळी वस्ती पट्टीवाली म्हणायची. दवाखान्यातर्फे घरोघर जाऊन जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या हे तिचं काम, आणि सगळी फिरती सायकलवर. एक खोड मात्र हाडीमासी खिळलेली. दुखऱ्या जागेला हात लावण्याआधी म्हणायचं, "माफ करा हं, चुकलं." नवरा चिडवायचा, की एक दिवस ही सुईचीसुद्धा माफी मागेल.

एका सकाळी रस्त्याकडेला उभ्या गाडीतल्या साहेबाने मागे न बघता दार ढकललं, नेमकं ही शेजारून जाताना. सायकलच्या धक्क्याने अर्धवट उघडलेलं दार उलट फिरलं आणि साहेबाची बोटं त्यात चेंगरली. ही रस्त्यावर आडवी. कोपरातून रक्त गळत होतं, तरी आपल्या पट्टीवाल्या बाईसाहेब उठल्या, दार ओढून बोटं मोकळी केली आणि सवयीने म्हणाल्या, "माफ करा हं, चुकलं."

झालं, साहेबाला आयतं कोलीत मिळालं. त्याने पोलिसांना सांगितलं, दार बंदच होतं, बाई वेडीवाकडी येऊन आदळली आणि चूक कबूलही केली. बघा तरी माणसाचा निर्लज्जपणा. इकडे दवाखान्याने हिला बजावलं, दोष तुझ्यावर आला तर सायकल बंद, फिरती बंद, मागच्या खोलीत कापसाचे बोळे करत बसायचं. ती घरं, ती माणसं, त्यांच्यावर तिचा जीव होता. नवरा म्हणाला, निम्मी चूक पदरात घे आणि मिटवून टाक. ती उसळली. केलेली चूक शंभरदा पदरात घेईन म्हणाली, दुसऱ्याची काय म्हणून घेऊ?

कोर्टात साहेबाच्या वकिलाने आवाज चढवून विचारलं, माफी मागितली होती की नाही? मागितली होती, ती म्हणाली. वकील खुशीची गाजरं खाऊ लागला.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, का मागितली?

"यांची बोटं दारात अडकली होती. सोडवताना कळ येणारच. मी सगळ्यांनाच म्हणते तसं."

न्यायाधीशबाई साहेबाकडे वळल्या. "दार उघडलंच नव्हतं, तर बोटं त्यात गेली कशी?"

साहेबाने काळीनिळी नखं हळूच खिशात घातली. त्याचं तोंड अगदी बघण्यासारखं झालं होतं. निकाल सरळ लागला. दार उघडण्याआधी मागे बघणं हे उघडणाऱ्याचं काम, रस्ता सायकलवाल्यांचाही तितकाच, आणि दोष सगळा साहेबाचा.

बाहेर नवऱ्याची छाती अशी फुगली होती, जणू खटला त्यानेच लढवला. पट्टीवाली मात्र पायऱ्यांवर साहेबापाशी थांबली. तिने त्याचा हात खिशातून काढायला लावला, उजेडात धरून पाहिला.

"हे बोट पिकलंय. पत्ता द्या, उद्या पट्टी करायला येते."

साहेब चाचरला. म्हणाला, त्रास कशाला, गाडी पाठवतो.

"नको," ती म्हणाली. "मी सायकलनेच येईन."