बांधावरून पुकारलेलं नाव

कोळवणच्या खोऱ्यात भिवाजी कंधारेसारखा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी भैरोबाच्या देवळाखालच्या रानात कुस्त्या लागायच्या, आणि पैलवानांची नावं पुकारायचं काम गावानं त्याच्या गळ्यात घातलेलं. एरवी मूग गिळून बसणारा माणूस! बायकोनं चार गोष्टी विचाराव्यात तेव्हा यानं एकदा 'हूं' म्हणावं. पण आखाड्यात उभा राहून हात कानाला लावला की पार डोंगराच्या पायथ्याला गुरं राखणारे माना वर करायचे.

त्याची बायको साळूबाई. लग्नाला कितीतरी वर्षं लोटली तरी तिची कूस रिकामी होती, आणि सासू सारजाबाई येता-जाता तिला ते ऐकवायची. साळूबाईनं नवस करायचे तेवढे केले. शेवटी देवालाच तिची दया आली म्हणायची, कारण त्या साली भात पोटरीला आलं आणि साळूबाईलाही सातवा महिना लागला.

भिवाजीनं तेव्हा नावाचं खूळ काढलं. पुकारून पुकारून त्याचं एक मत बनलं होतं, आणि त्या मतापुढे तो कुणाचं ऐकणारा नव्हता.

"नाव आन आडनाव एकाच अक्षरावर निगालं पायजे," तो म्हणाला. "गणपत गावडे म्हनलं की मानसं वळून बगत्यात. तेच रामा गावडे म्हना, कोन ढुंकून बगत न्हाई. आपलं आडनाव कंधारे. पोराचं नाव 'क'चंच."

"आन पोरगी झाली तर?" साळूबाईनं विचारलं.

"तर कमळा कंधारे. तीबी पुकारू, काय बिघडलं?"

मग रोज दिवस कलला की तोच खेळ. भिवाजी खाचराच्या पलीकडच्या बांधावर जाऊन उभा राहायचा, साळूबाई अलीकडे घराच्या अंगणात. तो एकेक नाव पुकारायचा. नाव निम्मंच ऐकू आलं तर तिनं एक हात वर करायचा, सगळंच्या सगळं पोचलं तर दोन्ही. 'काशिनाथ' मधल्या ओढ्यातच पडलं. 'केशव' आलं, पण शेपूट गळून आलं. 'कुशाबा' ऐकून तर तिला असं हसू फुटलं की पोट धरून खाली बसायची वेळ आली. पलीकडून भिवाजी घाबरून धावत आला, "काय झालं, काय झालं?" करत. काय होतंय! एवढ्या वर्षांत त्या अंगणात कोणी असं हसलं नव्हतं.

आणि एका दिवशी आलं, "कल्याण भिवाजी कंधारे!" भाताच्या लोंब्यांवरून सरळ आलं, डोंगराला लागून परत आलं, आणि पोटातल्यानं आतून लाथ मारली. साळूबाईनं दोन्ही हात वर केले.

सारजाबाई आतून तणतणत आली. "पोटातल्या जिवाचं नाव खोऱ्याला सांगतोस व्हय रं मुडद्या? बारशापातूर नाव वठावर आनू न्हाई, येवडंबी कळंना तुला?"

पण भिवाजीला तोवर आकाश ठेंगणं झालं होतं.

मुलगाच झाला. काळाभोर, डोकं भरून जावळ. साळूबाईनं त्याला छातीशी धरलं ते खाली ठेवायचं नावच काढीना. पाचवी पुजून झाली. बारशासाठी पाळणा बांधला, घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले. आणि बारशाच्या आदल्या दिवशी पोर तापानं फणफणलं, दूध तोंडात घेईना. भिवाजी पौडाकडे औषधाला पळाला. तो परत यायच्या आत सगळं संपलं होतं.

भिजवलेले हरभरे टम्म फुगून पातेल्यात तसेच होते. सारजाबाईनं कुणाला न बोलता ते बैलांपुढे नेऊन ओतले.

भिवाजीनं आणि त्याच्या धाकट्या भावानं, कोंडिबानं, पोराला धडप्यात गुंडाळून ओढ्याकडे न्यायला उचललं, तशी साळूबाई दारात आडवी झाली. "तितं त्याला काय म्हनून ठेवनार?"

"बारसं न्हाई झालं," सारजाबाई म्हणाली. तिनं धडप्याचं टोक नीट खोचलं. "नाव न्हाई त्याला, बाई. सोड."

भिवाजीनं तोंड उघडलं. साळूबाई त्याच्यावर अशी उसळली की कोंडिबा मागं सरला. "तुमी गप बसा! तुमच्या तोंडानंच गेलं माजं लेकरू!"

बोलू नये ते बोलून गेली. आणि भिवाजीनं ते मनाला लावून घेतलं. त्या दिवसापासून त्यानं ते नाव कधी उच्चारलं नाही, घरात नाही, रानात नाही. जत्रेत पुकारायचा तेवढं पुकारायचा. साळूबाईनं देवळाकडे जायचंच सोडलं. तिला पुन्हा दिवस गेले नाहीत. ज्याचं नाव अख्ख्या खोऱ्यानं ऐकलं, त्या पोराला ते नाव घेऊन एकदाही कुणी हाक मारली नाही. साळूबाईच्या काळजात हेच रुतून बसलं होतं. मेलं ते मेलंच, पण बिननावाचं गेलं.

दिवस जायचे थांबत नाहीत. सारजाबाई गेली. कोंडिबाचं लग्न झालं, जया घरात आली आणि तिला मुलगा झाला. घरात नणंद नव्हती, तेव्हा बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान थोरल्या जावेकडे, साळूबाईकडेच आला. कोंडिबा दोन दिवस नुसता घुटमळत होता. शेवटी म्हणाला, "वैनी, येक मागू का? ते तुमचं नाव... आमच्या पोराला दिऊ का?"

"मेलेल्याचं अंगडं जित्याला घालतोस?" साळूबाई कडाडली. "लाज न्हाई वाटत?"

बाळंतिणीच्या खोलीतून जया हळू बोलली, "अक्का, ते अंगडं कुनी घातलंच कुटं? कोरंच ऱ्हायलंय."

साळूबाई तिथून निघाली ती थेट पलीकडच्या बांधावर जाऊन बसली. खूप रडली. भिवाजी मागोमाग आला आणि शेजारी बसला. म्हणाला, "कोंडिबाच्या पोरालाच ते ज्यादा शोभंल. पुकारताना मदी माजं नाव आलं की अडकायचं. त्याच्या बापाचं नाव 'क'चं. तिन्ही 'क'. मला तवाच कळलं व्हतं, पर तू हात वर केलंस, मग म्या बोललो न्हाई."

साळूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. किती म्हातारा दिसायला लागला होता तो! "मला न्हाई अडकल्यालं," ती म्हणाली. "मला समदं आलं व्हतं."

बारशाला तिनं बाळाच्या कानाला तोंड लावलं आणि नाव सांगितलं. बापाचं नाव कोंडिबा म्हणूनच सांगितलं. जीभ अडखळली नाही, एवढी तिची हिंमत. बायका 'कुर्रर्र' करून तिच्या पाठीत धपाटे घालत होत्या, ते बरंच झालं. तिच्या डोळ्यांत पाणी का, हे मग कुणी विचारलं नाही.

कल्याण तिला 'थोरली आय' म्हणायचा आणि जेवायला तिच्याच ताटात बसायचा. त्याला हाक मारायची झाली तर ती 'बाळा' म्हणे. भिवाजी 'आरं ए' म्हणे.

पोर कळतं झालं तसं कुस्तीला हट्ट धरून बसलं. त्या साली जत्रेत लहान पोरांच्या, रेवड्यांवरच्या कुस्त्यांत त्याची जोड लागली. जया साळूबाईच्या मागं लागली, "अक्का, आज तरी चला. तुमच्याबिगर त्यो आखाड्यात उतरायचा न्हाई." इतक्या वर्षांनी साळूबाई देवळाची पायरी चढली. गावात तोवर कर्णा आला होता. पोरांनी तो भिवाजीपुढे धरला, तर म्हाताऱ्यानं हातानं बाजूला सारला.

साळूबाई नारळ घेऊन पायरीवर उभी होती, जया शेजारी. खाली आखाड्यात लंगोट लावलेलं ते कार्टं उड्या मारत होतं. भिवाजीनं हात कानाला लावला.

"कल्याण भिवाजी कंधारे!"

हलगी थांबली. भिवाजीच्या लक्षात आलं तसा त्याचा चेहरा पार उतरला, हात तसाच कानाशी राहिला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आरं भिवबा, चुकलास की! कोंडिबाचा पोरगा त्यो!"

"कोन चुकलं न्हाई!" कोंडिबाच उठून गरजला. "हलगी वाजवा!"

आणि पोर बघा! त्यानं काही विचारलं नाही की मागं वळून पाहिलं नाही. माती कपाळाला लावली, वाकून भिवाजीच्या पायाला हात लावला आणि जोडीसमोर जाऊन उभं राहिलं.

"जया," साळूबाई तिच्याकडे वळली, "पोर तुजं हाय गं. त्येंच्या तोंडून गेलं..."

"मला ठावं हाय, अक्का," जया म्हणाली.

खाली भिवाजी देवळाकडेच पाहत होता. कुस्ती सुरू झाली तरी तो तिकडेच पाहत होता. जयानं साळूबाईच्या हातातला नारळ काढून घेतला, आणि साळूबाईनं दोन्ही हात वर केले.