दोरा म्हणजे मालक नव्हे

माझी मामी भांडायला आली आणि राहिली. हे मी पदरचं सांगत नाही, मामाच सांगतो. त्याचं शिलाई मशीनचं दुकान तेव्हा नवं होतं, आणि दुरुस्त करून नेलेलं मशीन घेऊन ती परत आली होती. खालचा दोरा गुंततो म्हणाली. मामा म्हणाला, बॉबिन उलटी बसवली असेल. ती म्हणाली, बॉबिन सरळ आहे, तुमचं डोकं तेवढं तपासून घ्या. पुढच्या आठवड्यात परत आली, त्याच्या पुढच्याही. मशीन एकदाचं सुरळीत चालायला लागलं तेव्हा दोघांनाही चुकल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून त्यांनी लग्न केलं.

मी त्यांच्याकडे आलो तो नोकरी लागेपर्यंत राहायला, म्हणजे अजून आहे. मला कॉम्प्युटर येतो असा घरात समज होता. आमच्या शाळेत एक कॉम्प्युटर होता, पण त्याच्यावर कायम कापड घातलेलं असायचं. त्या कापडाची घडी मला उत्तम घालता येते. तेवढ्या शिक्षणावर मला दुकानाच्या मागच्या खोलीत बसवलं. तिथे सुट्या भागांची खोकी छतापर्यंत गेलेली, जमिनीला मशीनच्या तेलाचा वास, आणि खिडकीपाशी मामीचं शिवणाचं टेबल. टेबलावर एका अंगाला मशीन, दुसऱ्या अंगाला मॉनिटर. ती एक टीप मारायची आणि दोन ओळी लिहायची. कीबोर्डच्या फटींतून दोऱ्याची टोकं डोकावत असायची. एकदा मी ती चिमट्यानं काढली, तर कुठली कळ कुठे आहे ते आता कळत नाही म्हणून माझ्यावरच डाफरली.

मामी लिहायची ते दुकानाच्या फोरमवर. फोरम म्हणजे इंटरनेटवरची एक जागा, जिथे शिवणारे लोक एकमेकांना प्रश्न विचारतात आणि न विचारलेली उत्तरं देतात. मामाचं तिथलं नाव ‘मालक’. मामीचं ‘दोरा’. दोरा ही मालकाची बायको आहे हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तशी तिचीच इच्छा होती. मालकाची बायको म्हटलं की लोक गोड बोलतात, आणि गोड बोलणाऱ्याशी काय भांडणार, असं तिचं म्हणणं. मालकानं नव्या स्टँडचं कौतुक केलं की खाली दोरा लिहायची, घेऊ नका, डगमगतो. लोक खूश व्हायचे. मालकाला तोंडावर सुनावणारं कुणीतरी आहे म्हणून त्यांचा दुकानावर विश्वास बसायचा. रात्री जेवताना मामा मात्र भाताकडे बघत म्हणायचा, स्टँड इतकाही डगमगत नाही.

तिचं खास गिऱ्हाईक म्हणजे भांडणातलं गिऱ्हाईक, ‘उलटी टीप’ नावाचे एक निवृत्त शिंपी. मशीनला तेल संध्याकाळी काम संपल्यावर द्यावं की सकाळी सुरू करण्याआधी, यावर त्या दोघांचं वर्षानुवर्षं चाललं होतं. मामी संध्याकाळवाली. रात्रभर तेल मुरतं, सकाळी चिंधीवर चार टिपा मारल्या की झालं. त्यांचं म्हणणं, रात्रभर तेल मुरत नाही, धूळ मुरते. दुसरी होती ‘काजबटण’. ही बाई आधी खांद्याला चुण्या का पडतात ते विचारायची, आणि मग हळूच, फक्त दोरालाच दिसेल अशा निरोपात, घरातलं काहीबाही सांगायची. काय सांगायची ते मामीनं मला कधी वाचू दिलं नाही. मी मागून आलो की मॉनिटरवर फडकं टाकायची.

आता दुकानाच्या तीन जागा होत्या. सुटे भाग मागवायची साइट वेगळी, शिवणकाम शिकवणारी वेगळी आणि फोरम वेगळा. प्रत्येकीचं लॉगिन वेगळं, पासवर्ड वेगळा. लोक वैतागायचे. एका बाईंनी तिन्ही पासवर्ड मशीनच्या पोटाखाली चिकटवले होते. मशीन दुरुस्तीला आलं तेव्हा मामानं पोट घासूनपुसून लख्ख करून दिलं. नंतरचा फोन मी घेतला, म्हणून मला माहीत.

तेव्हा मामानं ठरवलं, एकदा आत शिरलं की तिन्हीकडे फिरता आलं पाहिजे. साइटचं काम बघणारा माणूस बोलावला. त्याला आम्ही ‘पासवर्ड’ म्हणतो, कारण तो दारात हेल्मेट काढायच्या आधी विचारतो, पासवर्ड काय ठेवलाय. त्यानं मामाला समजावलं की तिन्ही याद्या एकत्र करायच्या, म्हणजे कोण कुठला ते ईमेलवरून जुळवायचं.

“ज्याची ईमेल एक, तो माणूस एक,” तो म्हणाला.

मामा म्हणाला, बरोबर आहे. मामी कॉलर कापत होती, तिनंही मान हलवली. मला तर ते इतकं पटलं की मी ते वाक्य दिवसभर घोळवत होतो.

आमच्या घरात तेव्हा ईमेल एकच होती. दुकान उघडलं तेव्हा काढली तीच. विजेचं बिल तिच्यावर येतं, मामीच्या बहिणीची पत्रं येतात, माझ्या नोकरीचे नकारही तिथेच येतात आणि सगळे मिळून वाचतात. घराला दार एक, तशी ईमेल एक, असा मामाचा सिद्धांत. हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण जे रोज समोर असतं ते डोक्यात कशाला येईल.

काम झालं त्या सकाळी मामा एकदाच पासवर्ड घालून तिन्ही जागांवर फिरून आला. नव्या घरात सगळ्या खोल्यांचे दिवे लावून बघावेत तसा. मग मामीनं मॉनिटर स्वतःकडे वळवला आणि फोरम उघडला.

“माझं नाव कुठे गेलं?” तिनं विचारलं.

दोरा नव्हती. दोरानं लिहिलेलं सगळं होतं, पण त्यावर नाव मालकाचं. मालक लिहितो, नवा स्टँड उत्तम आहे. खाली मालकच लिहितो, घेऊ नका, डगमगतो. मग मालक मालकाचे स्पष्ट बोलल्याबद्दल आभार मानतो, आणि मालक मालकाला सांगतो की आभार नकोत, स्टँड दुरुस्त करा.

मला हसू आलं होतं, पण मामीचा चेहरा बघून मी ते गिळलं. कारण तोवर लोकांनी लिहायला सुरुवात केली होती. उलटी टीप यांनी विचारलं, मालक, इतकी वर्षं तुम्ही बाईच्या नावानं आमच्याशी बोलत होता? बाकीचे म्हणाले, बघा, खरं बोलणारी बाईसुद्धा दुकानानंच ठेवलेली. काजबटणनं मात्र कुणाला दोष दिला नाही. तिनं एवढंच लिहिलं की मी माझ्या घरातलं एका बाईला सांगितलं होतं, ते कृपया पुसून टाका. मामीनं ते वाचलं, मशीनवर कव्हर घातलं, आणि त्या दिवशी काढलंच नाही.

मामाला ते बघवेना. त्यानं मनापासून लिहिलं की दोरा ही माझी बायको आहे, ती वेगळी आहे. पण ते मालकाच्या नावानं उमटलं. लोक म्हणाले, आता बायकोही तयार केली. मग मामीनं स्वतः लिहिलं, मी खरी आहे, समोर बसले आहे. तेही मालकाच्याच नावानं उमटलं, आणि आधीच्याला लागून. वाचणाऱ्याला वाटावं, या माणसाला आता कुणीतरी घरी नेऊन झोपवावं. मी सुचवलं की मामीनं नवं नाव घ्यावं. नव्या नावाला नवी ईमेल लागते म्हणून ती काढली. ‘खरी दोरा’ या नावाखाली फोरमनं आपण होऊन लिहिलं, नवीन सभासद, आजच दाखल. पहिलं उत्तर आलं, मालक, पुरे करा.

मामी म्हणाली, “मी आहे हे मला कुणाकडून लिहून आणावं लागणार आहे का?”

मामानं लगेच पासवर्डला फोन केला. तो म्हणाला, सिस्टीमच्या दृष्टीनं तुम्ही एकच आहात. मामा म्हणाला, सिस्टीमचं लग्न झालंय का?

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन आला. उलटी टीप स्वतः. मालकांना द्या म्हणाले. मामानं घेतला आणि माफीच मागत सुटला. पलीकडून त्यांनी तेलाचा विषय काढला. भांडण नको म्हणून मामा म्हणाला, तुमचंच बरोबर आहे साहेब, तेल सकाळीच द्यावं. मामी खोक्यांमागून आली आणि तिनं फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

“सकाळी तेल देऊन लगेच पांढरं कापड शिवत होतात का तुम्ही? मग तुमच्या गिऱ्हाइकांच्या सदऱ्यांवर डाग असणार.”

मामी खुर्ची ओढून बसली. मग बोलणं सुरू झालं ते मला अर्धंच ऐकू आलं, पण चहा गार होईपर्यंत चाललं. शेवटी मामी म्हणाली, तुमचं वय झालंय म्हणून सोडते, आणि फोन ठेवला. तेव्हा कुठे तिनं मशीनवरचं कव्हर काढलं.

त्या संध्याकाळी उलटी टीप यांनी फोरमवर लिहिलं, बाई आहेत. मी भांडून खात्री करून घेतली. मालक लगेच मान्य करतात, या करत नाहीत. लोकांनी ते मानलं. काजबटणनं उशिरानं विचारलं, मग त्या खांद्याच्या चुण्यांचं काय करू? मामीनं फडकं शोधलं आणि मला बाहेर पाठवलं.

राहिलं होतं नाव परत मिळवायचं. पासवर्ड आला आणि म्हणाला की वेगळं करता येईल, पण कुठलं लिखाण कुणाचं हे कॉम्प्युटरला कळत नाही, तुम्हीच सांगा. मग मामा-मामी मागच्या खोलीत शेजारी शेजारी बसले. एकेक ओळ वर यायची, पासवर्ड विचारायचा, मालक की दोरा. सुरुवातीला भराभर चाललं. स्टँड चांगला, मालक. स्टँड वाईट, दोरा. पुढे पुढे मामा घोटाळू लागला. आपलं लिखाण त्याला ओळखू येईना. मामीचं एखादं फटकळ वाक्य तो आपलं म्हणायचा, आणि त्याचं एखादं समजुतीचं वाक्य ती घेऊन टाकायची. मला वाटतं दोघांनी थोडी थोडी चोरी केली.

मग एक जुना प्रश्न आला. कुणीतरी विचारलं होतं, नवरा-बायकोनं मिळून दुकान चालवावं का? खाली उत्तर होतं: अजिबात नाही. आधी विचारलंत ते बरं केलंत.

“हे माझं,” मामी म्हणाली.

मामानं चष्मा पुसला. “नाही गं. हे मी लिहिलंय.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. पासवर्ड माझ्याकडे बघायला लागला आणि मी छताकडे. मामीनं विचारलं, कधी? मामा म्हणाला, तू बहिणीकडे गेली होतीस तेव्हा. ती म्हणाली, मी बहिणीकडे का गेले होते ते आठवतंय का? त्याला आठवत नव्हतं. थोडा वेळ आठवून बघितल्यावर तिलाही आठवेना.

“ठेव ह्यांच्या नावावर,” ती शेवटी पासवर्डला म्हणाली. “आणि माझं नाव चालू झालं की मला सांग.”

नाव चालू झालं. दोरा परत आली, जुन्या तारखेची, जुन्या मानाची. मामीनं खुर्ची पुढे ओढली, ते जुनं उत्तर शोधून काढलं, आणि त्याच्याखाली आपल्या नावानं पहिला शब्द लिहिला: सहमत.

मामा नुसता बघत होता. इतक्या वर्षांत हा शब्द त्याला तिच्याकडून कधी मिळाला नव्हता, आणि मिळाला तो असा. आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, हे त्याला ठरवता येईना.

तेवढ्यात खाली उलटी टीप यांचं उत्तर उमटलं. ही दोरा नव्हे, त्यांनी लिहिलं होतं. दोरा कुणाशी सहमत होत नाही. मालक, पुन्हा तुम्हीच का?

मामीनं बाह्या वर केल्या.