आनंद झाला की क्रियापद बदलतं

चार शिक्षक एकत्र बसले की विद्यार्थ्यांचे किस्से निघतात. आमच्याकडे मात्र व्याकरणाचे निघतात. शेवगावच्या बाजूला आमची मिशनची शाळा होती. लढाईच्या दिवसांत आम्ही काही मंडळी तिथं स्पॅनिश शिकत होतो, आणि ती आम्हाला येत नव्हती. न येणारी गोष्ट माणूस वर्षानुवर्षं करत राहिला की किस्से आपोआप साठतात, मुद्दाम जमवावे लागत नाहीत.

स्पॅनिश कशाला, असं सगळेच विचारतात. तर आमचे फादर मातेओ स्पेनचे. त्यांच्याच मुलखातले एक म्हातारे फादर त्यांच्या जोडीला असायचे. ते वारले आणि फादर मातेओ एकटे पडले. मराठी त्यांना उत्तम यायची. पण एका संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "मास्तर, कोथिंबिरीला आमच्याकडे काय म्हणतात ते आज मला आठवेना. बोटी बंद, पत्रं बंद. असंच चाललं तर माझी भाषा जाईल."

आमचे साळवे मास्तर म्हणाले, "पुस्तकं वाचत जा ना, फादर."

"पुस्तकाशी भांडता येत नाही. मला भांडायला माणसं हवीत."

अशी ती माणसं तयार करण्यासाठी वर्ग सुरू झाला. साळवे मास्तर, मी, बिगारीचा वर्ग घेणारी माझी बायको मार्था आणि आबा पाटील. पाटलांचा मळा मिशनच्या आवाराला लागूनच. ते ना ख्रिस्ती, ना शिक्षक. पण रोज संध्याकाळी फादरांशी विहिरीच्या पाण्यावर बोलायला त्या ओट्यावर यायचे. वर्ग सुरू झाला म्हणून त्यांनी जागा सोडली नाही, एवढंच.

* * *

पहिलं वर्ष बरं गेलं. पाणी, भाकरी, बैल, विहीर. मग फादरांनी 'दुसरं रूप' काढलं.

म्हणाले, जे घडतं ते नुसतं सांगायचं असेल तर क्रियापदाचं साधं रूप. पण इच्छा, भीती, शंका, आनंद असं मनातलं काही वाक्यात आलं की दुसरं रूप. इच्छेचं आम्हाला लगेच कळलं. 'तू येतोस' आणि 'तू यावंस', हे आपल्याकडेही आहे. शंकेचंही कळलं. आनंदाशी गाडी अडली.

फादरांनी उदाहरण दिलं, "पाटील, तुम्ही इथं आहात याचा मला आनंद आहे. यातलं 'आहात' दुसऱ्या रूपात जातं."

पाटलांनी विचारलं, "का? मी हितं हाय का न्हाई?"

"आहात."

"तुमाला दिसतोय?"

"दिसताय."

"मग शंका कशाची?"

"शंका नाही, पाटील. आनंद आहे. आनंद झाला की क्रियापद बदलतं."

 पाटील उठून म्हणाले, "फादर, तुमी खूश नसलात तरी चालंल. पर मला हितंच ऱ्हाऊ द्या."

* * *

साळवे मास्तरांचं डोकं चांगलं, पण एकदा एखादी गोष्ट शिरली की ती सगळीकडं वापरायची त्यांना सवय. त्याच महिन्यात शाळा तपासायला डिपटीसाहेब आले. हारतुरे झाले आणि साळवे स्वागताला उभे राहिले.

"आज साहेब आपल्या शाळेत आले असावेत, याचा आम्हा सर्वांना आनंद होत आहे."

डिपटीसाहेबांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तरांनी माझ्याकडे.

साळव्यांना वाटलं, साहेबांना नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी सावकाश पुन्हा म्हटलं, "साहेब आले असावेत."

"अहो, असावेत काय? मी समोर बसलोय."

"बसला आहात साहेब, त्याबद्दल वाद नाही. पण आनंद आहे ना."

शेऱ्यांच्या वहीत साहेबांनी लिहिलं की शाळेची इमारत स्वच्छ आहे आणि शिक्षकांना विश्रांतीची गरज आहे.

* * *

मग 'ओखाला' शब्द आला. त्याच्यापुढं नेहमी दुसरंच रूप येतं. आपण 'होवो बाबा एकदाचं' म्हणतो, तसा तो शब्द. फादरांच्या तोंडात तो सारखा असायचा.

तेव्हा पेट्रोलची टंचाई होती, म्हणून नगरची सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. चालायची म्हणजे मोटारीच्या मनात असेल तेव्हा. एकदा आम्ही आत बसलो होतो, ड्रायव्हर चाँदभाई भट्टीला वारा घालत होते, आणि फादर हात जोडून पुटपुटत होते, "ओखाला, ओखाला."

चाँदभाई वारा घालायचे थांबले. "फादरसाहेब, हे अल्लाचं नाव कुठं शिकलात?"

फादर म्हणाले, "बरोबर ओळखलंत. आमच्या मुलखावर पूर्वी अरबांचं राज्य होतं. ते गेले आणि शब्द राहिला. अल्लाची मर्जी असती तर, असा काहीतरी अर्थ."

चाँदभाईंनी लगेच एका व्यापाऱ्याला उठवून पुढची जागा फादरांना दिली. साळवे मात्र अस्वस्थ. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "भालेराव, हे बिशपसाहेबांच्या कानावर गेलं तर?"

फादरांनी ते ऐकलं. म्हणाले, "साळवे, माझी आई जपमाळ ओढताना हाच शब्द म्हणते."

मोटार चालू झाली. तिसगावच्या अलीकडं बंद पडली. त्या वेळी चाँदभाईच म्हणाले, "फादरसाहेब, तुमचं ते म्हणा जरा."

* * *

मार्था वर्गात फारसं बोलत नसे. मुलांच्या पाट्या तपासत बसायची. एके दिवशी तिनं पाटी बाजूला ठेवली.

"फादर, 'देव आहे असं मला वाटतं.' यात 'आहे'चं कोणतं रूप?"

"साधं," फादर म्हणाले. "खात्रीनं सांगतेस ना."

"'देव आहे असं मला वाटत नाही.' यात?"

"दुसरं. नकार आला."

"आणि 'देव आहे याचा मला आनंद आहे'?"

 "दुसरंच. आनंद आला."

"म्हणजे देव न मानणारा आणि देव आहे म्हणून आनंदात असलेला, दोघांचं रूप एकच?"

साळव्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छपराकडे. फादरांनी दाढी खाजवली, एकदा स्वतःशीच तिन्ही वाक्यं म्हणून पाहिली, आणि मग म्हणाले, "मार्थाबाई, चहा मिळेल का?"

पुढच्या रविवारचं प्रवचन त्यांनी नेहमीपेक्षा लवकर आटोपलं.

* * *

सगळ्यात मोठा घोळ 'जर' आणि 'जेव्हा' यांचा.

"'जर पाऊस पडला तर' असं म्हणताना साधं रूप," फादर म्हणाले. "'जेव्हा पाऊस पडेल तेव्हा' म्हणताना दुसरं."

"उलटं झालं," पाटील म्हणाले. "जर म्हंजी भरवसा न्हाई. जेव्हा म्हंजी पडनारच."

"पडणारच, पण अजून पडलेला नाही. म्हणजे अजून मनातच आहे."

"आन जरचा पाऊस कुठं पडलाय?"

 "जरचं वेगळं आहे."

"का?"

"ते मलाही कुणी सांगितलं नाही, पाटील."

आम्ही हसलो. पाटील हसले नाहीत. त्यांचा थोरला, नामदेव, पलटणीत होता. ब्रह्मदेशाकडं गेला होता आणि बरेच महिने त्याची काही खबर नव्हती. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण त्या ओट्यावर तो विषय पाटलांनी कधी काढला नव्हता.

ते म्हणाले, "नामदेव घरी येईल त्याचं वाक्य करायचं हाय. जर घालू का जेव्हा?"

 साळवे खडूचा तुकडा बोटांत फिरवत राहिले.

"जेव्हा घाला," फादर म्हणाले.

"त्याला ते मनातलं रूप लागतं."

"लागू दे."

पाटलांनी ते वाक्य करून दाखवलं. उच्चार वाईट होता, पण बाकी चूक नव्हती.

* * *

लढाई संपली. तरी नामदेवची खबर यायला वेळ लागला, आणि आली ती अशी की तो नगरला उतरलाय आणि उद्याच्या मोटारीनं येतोय.

गावातली पाच-पन्नास माणसं मोटारीच्या थांब्यावर जमली. फादर, साळवे आणि मीही गेलो. मार्था पाटलीणबाईंजवळ घरी थांबली. पाटील अंगात धुतलेली बंडी घालून सगळ्यांच्या पुढं उभे होते. कुणी काही विचारलं की नुसती मान हलवायचे.

मोटार आली. नामदेव उतरला. वाळून काटकी झाला होता, एक खांदा जरा खाली आलेला. त्यानं ट्रंक खाली ठेवली आणि वाकून वडलांच्या पायाला हात लावला.

पाटलांनी त्याला उठवलं. जवळ घेतलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. त्यांच्या घरात तशी रीत नव्हती. त्याच्या तोंडाकडं बघत राहिले, काहीतरी बोलायला गेले आणि मराठी काही येईना. मग ते स्पॅनिशमध्ये बोलले. तू परत आलास याचा मला आनंद आहे, असं काहीतरी.

नामदेव गोंधळला. "आबा, काय म्हनलात?"

"काय न्हाई. गाडी जुपलेली हाय, चल."

ट्रंक पाटलांनी स्वतः उचलली.

परत येताना साळवे म्हणाले, "आबांनी साधं रूप वापरलं. मी ऐकलं." मी म्हणालो, दुसरं वापरलं. मोटारीचा धडधडाट चालू होता, त्यामुळे छातीठोक सांगणं दोघांनाही कठीण. शेवटी आम्ही फादरांना विचारलं. ते पाटलांच्या अगदी शेजारी उभे होते, हाताच्या अंतरावर.

 फादर म्हणाले, "मला ऐकू आलं नाही."