सीताबाईच्या नावावरचा पाठ

बाबाराव प्रचारक शिकलेले बेताचे, पण डोकं पक्कं शेतकऱ्याचं. वर्ध्याच्या मिशन कंपाउंडातल्या मंडळीत निम्म्या बायांना अक्षरओळख नव्हती. पवित्र शास्त्र एवढं जाडजूड, त्यातलं त्यांनी धरायचं काय? म्हणून बाबारावांनी आपल्या मनानंच एक रीत पाडली. बाप्तिस्म्याच्या दिवशी ज्या बाईला वाचता येत नाही, तिला शास्त्रातला एक पाठ द्यायचा. ‘हा तुह्या नावावर. सातबाऱ्यावर वावर असते ना, तसा. कोनाच्या बापाले काढून घेता येत नाई.’

बाया खूश! प्रभुभोजनाच्या रविवारी जिची पाळी असेल तिनं उभं राहून आपला पाठ आपल्या बोलीत सांगायचा, आणि ती गेली की मातीला तोच वाचायचा. कुणाच्या नावावर मेंढपाळ होता, कुणाच्या दहा कुमारी. विमलाबाईच्या नावावर उधळ्या पोराची गोष्ट. ती सांगायला उभी राहिली की लोक तिच्या थोरल्याकडे बघून हसायचे, आणि तोही मेला निर्लज्जासारखा हसायचा.

सीताबाईचा पाठ मात्र ऐकताना कुणी हसत नसे.

ती आंजीकडच्या एका खेड्यातली. नवरा सोडून गेलेला, आणि एका माणसाबरोबर तिला लोकांनी पकडलं. माणूस पळाला, ही सापडली. काळ्या रानात दगड फारसे नसतात, म्हणून तिला नांगरटीची वाळलेली ढेकळं मारली. ढेकळानंही कपाळ फुटतं, बरं का. बाबाराव त्या वाटेनं सायकलवर येत होते. रस्त्याच्या कडेला बसलेली बाई त्यांनी कॅरिअरवर घेतली आणि थेट मिशनच्या दवाखान्यात आणली. हे चोपन्न सालचं. जखम बरी झाली, ती तिथंच आया म्हणून राहिली, आणि वर्षभरानं बाप्तिस्मा घेतला. बाबारावांना पाठ शोधावा लागलाच नाही.

“थ्या बाईले धरून आनलं,” सीताबाई सांगायची, “अन् म्हने, हिले दगडं मारा. प्रभू काई बोललाच नाई, खाली वाकून मातीत लिवत बसला. मंग म्हने, ज्यानं पाप नसन केलं त्यानं मारा पयला दगड. तसे म्हातारे म्हातारे आंधी सटकले! मंग प्रभू तिले म्हने, मी बी तुले दोष देत नाई, जाय.” हे ‘जाय’ म्हणताना तिचा हात कपाळाच्या खुणेवर जायचा. बावीस वर्षं ती हे सांगत होती.

सत्याहत्तर साली नवे पाळक आले. कृष्णकांत त्यांचं नाव, मोठ्या कॉलेजात धर्मशास्त्र शिकून आलेले. माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं, चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. पण हे पाळक आजाऱ्याच्या घरी सगळ्यांआधी पोचायचे, आणि बाबारावांना काका म्हणायचे. फक्त खोटं बोलायचं नाही, एवढा एक हट्ट त्यांच्यात होता.

पुढच्या वर्षी शास्त्राची नवी प्रत आली, तिच्यात सीताबाईच्या पाठाला दोन बाजूंनी कंस, खाली बारीक अक्षरात टीप. ती प्रत पहिल्यांदा वाचायला काढली, नेमका त्या रविवारी तिचाच पाठ होता. ती सांगून बसली आणि पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले. मोठ्या मायेनं म्हणाले, की गोष्ट सुंदर आहे, पण आपण सत्याला भिऊ नये. सगळ्यांत जुन्या हस्तलिखितांत हा भाग सापडत नाही. कुणीतरी तो मागाहून घातला असावा, असं विद्वानांचं मत आहे.

 बाबारावांनी बायांच्या बाजूला पाहिलं. सीताबाई मान डोलवत होती, तिला अजून कळलंच नव्हतं.

बाहेर लिंबाखाली तिनं बाबारावांना गाठलं. “भाऊ, साहेब माह्या पाठाचं काय सांगून राह्यले होते?”

“काई नाई व. शिकलेल्या लोकायच्या गोष्टी.”

“मागून घातला म्हनत होते. कोनं घातला?”

“मले काय मालूम?”

“मंग इचारून ये ना. तूच त देल्ला होता मले.”

बाबाराव गेले. पाळकांनी दोन इंग्रजी पुस्तकं उघडून दाखवली, चहा दिला, तासभर समजावलं.

“काका, गोष्ट घडलीच नाही, असं मी म्हणत नाही. घडलीही असेल. फक्त मूळ पुस्तकात ती नव्हती, एवढंच.”

“साहेब, मले एक सांगा. खरी का खोटी?”

“ते आज कुणालाच खात्रीनं सांगता येणार नाही.”

“मंग तिले मी काय सांगू?”

पाळकांनी पुस्तकं मिटली. मग म्हणाले, “देवाची क्षमा एका पाठावर अवलंबून नसते, काका. हे सांगा.”

अहो, हे बरोबरच होतं! बाबारावांनाही पटलं. पण तेवीस वर्षांपूर्वी ‘तुह्या नावावर’ म्हणून बसले होते ना ते! तेव्हा सातबारा कशाला मध्ये आणला, असं म्हणत त्यांनी वाटेत स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

सीताबाईनं सगळं नीट ऐकलं. रडली नाही, भांडली नाही.

“कागद खोटा निघाला त वावर सोडाच लागते, भाऊ. तिथं कितीक वर्ष राबले, हे कोनी पायत नाई.”

“असं नाई व सीताबाई! माफी बाकीच्या शास्त्रात बी हाय.”

“हाय. पन थे बाकीच्यायची. माह्यासारख्या बाईले त्यानं कंदी म्हटलं, जाय म्हनून? हेच एक होतं.” मग हळूच म्हणाली, “मंग मले कोनं माफ केलं, भाऊ?”

बाबारावांनी आयुष्यभर खेडोपाडी उत्तरं दिली होती. इथं ते सायकल काढून घराकडे निघाले.

त्या दिवसापासून तिनं प्रभुभोजन घेणं बंद केलं. मंडळीचं देऊळ झाडायची, फुलं ठेवायची, आणि प्रभुभोजनाची भाकर फिरायला लागली की उठून बाहेरच्या बाकावर बसायची. पाळकांनी तिच्या घरी जाऊन हात जोडले. “तुमी खरं बोलले साहेब, तुमचा काय गुन्हा?” म्हणून तिनं त्यांनाच समजावलं. तिची पाळी आली की बाबाराव पुढच्या बाईला उठवायचे. घरी तो कंसातला मजकूर भिंग लावून पुन्हा पुन्हा वाचायचे, आणि दर वेळी कंस तिथंच असायचे.

एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात ती खाटेला खिळली. बाबाराव रोज जायचे. एक दिवस हिय्या करून म्हणाले, “दुसरा पाठ देतो तुले. थो पोरगा घरी वापस येते, अन् बाप धावत जाते...”

“थो इमलाबाईच्या नावावर हाय,” ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

चौथ्या दिवशी ती गेली.

मातीला पाळकसाहेबांनी बाबारावांना बाजूला घेतलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. “काका, तिचाच पाठ वाचतो.” आणि वाचला, कंसाबद्दल किंवा टीपेबद्दल एकही शब्द न बोलता, अगदी शेवटच्या ‘जा’पर्यंत. बाया हुंदके देत होत्या. बाबारावांना मात्र रडूही येईना. आता वाचून काय उपयोग! जिनं ऐकायला पाहिजे होतं ती पेटीत, आणि पेटीला खिळे ठोकलेले. तीन वर्षं उशीर झाला होता.

माती लोटून झाली, लोक पांगले. फाटकाशी विमलाबाई उभी होती. सत्तरीला टेकलेली, काठी धरलेली. तिनं बाबारावांची बाही धरली.

“भाऊ, साहेबाले एकडाव इचारून ठेवजो ना. माहा पाठ पक्का हाय ना? जुन्या पुस्तकात हाय ना थो?”

“हाय,” बाबाराव म्हणाले.

“पायलं तू?”

“पायलं ना.”

त्यांनी पाहिलं नव्हतं. पाहायची हिंमतही त्यांच्यात उरली नव्हती. विमलाबाई समाधानानं मान हलवत, काठी टेकत घराकडे निघाली.